अज्ञात इसम

रानडुकराच्या खांद्यावर, कातडीखाली, एक ढाल असते. वयात आलेल्या नराची ही ढाल बोटभर, कधी दीड बोट जाड भरते. ती चरबी नव्हे आणि स्नायूही नव्हे. घट्ट विणीचा असा चिवट थर, की सुरी त्यावर घसरते. माजाच्या दिवसांत नर एकमेकांवर सुळे चालवतात, तेव्हा हीच ढाल त्यांची छाती वाचवते. वरून राठ केस आणि वाळलेल्या चिखलाचं लिंपण. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात मी पशुधन विकास अधिकारी होते. वनखात्याचं बोलावणं आलं की मेलेल्या रानजनावराचं शवविच्छेदन करायला जावं लागे. गाय, बैल, शेळी यांवर शिकलेला हात या ढालीशी पहिल्यांदा येतो तेव्हा थांबतोच.

अशाच एका नराच्या ढालीत मला शिसं सापडलं. वडकीकडच्या एका शिवारात, नाल्याच्या काठी, तो कुशीवर पडलेला होता. बारा बोअरचे छर्रे होते. दोन ढालीतच अडकून बसलेले, त्यांच्याभोवती पुवाची पिशवी धरलेली. एक छर्रा पुढे जाऊन बरगडीवर फुटला होता आणि त्याचे करडे कण फुप्फुसाच्या कडेला रुतले होते. जखम जुनी होती. तिच्या कडा भरत आल्या होत्या, आत मात्र सगळं नासलं होतं. जठर रिकामं, आतड्यांत चिखलाचं पाणी. म्हणजे गोळी लागल्यावर ते जनावर बरेच दिवस जगलं होतं. नाल्यावर येऊन पाणी पीत राहिलं आणि शेवटी उपासानं आणि पुवानं मेलं.

सोबत वनरक्षक होता आणि शेजारच्या वावरातला एक कास्तकार, नाकाला दुपट्टा लावून उभा. मी त्याला विचारलं, "रात्री गोळी लागली, तर सकाळी कुणी शोधायला नाही आलं?" तो सरळपणे म्हणाला, "मॅडम, वावरातून गेलं ना, झालं. मेलं का जितं हाय हे पाहाले कोण जाते रानात?"

त्या माणसाला दुष्ट ठरवायला मी तयार नाही. त्याची बाजू मला आमच्या घरातूनच ठाऊक आहे. माझे दीर शेती करतात. सोयाबीन शेंगांवर आलं, की दिवाळीच्या आधीपासून हरभरा निघेपर्यंत त्यांची जागल सुरू होते. दिवसभर वावरात राबायचं आणि रात्री मचाणावर जाऊन डबा बडवायचा, फटाके लावायचे, टॉर्च फिरवायचा. धुऱ्यावर जुन्या साड्या बांधून झाल्या. न्हाव्याकडून केस आणून टाकून झाले. ज्याच्याकडे पैसा आहे तो सौर झटका मशीन लावतो, मग त्याच्या वावरातून वळलेला कळप शेजारच्याच्या वावरात उतरतो. डुक्कर नुसतं खात नाही, नांगरतं. एका रात्रीत भुईमुगाचे तास असे उलटे करून ठेवतं, की सकाळी बाई धुऱ्यावर मटकन बसते. रोही, म्हणजे नीलगाई, येतात ते वेगळेच. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, सातबारा, बँकेचं पासबुक, आणि हाती येते ती रक्कम बियाण्याच्या उधारीलाही पुरत नाही. ज्या जिल्ह्यानं शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या आणि 2017 च्या फवारणीत विषबाधेनं गेलेली माणसं पाहिली, तिथल्या कास्तकाराला डुकराच्या यातनांवर प्रवचन देण्याचा अधिकार कुणाला पोचतो? मला तरी पोचत नाही. म्हणून मी प्रवचन देत नाही. मला एका प्रश्नाचा छडा लावायचा आहे: मारणं अटळ आहे असं एकदा मान्य केलं, की धर्माचं काम संपलं का?

कायद्याच्या बाजूनं मुभा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या कलम 11 खाली, माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरलेल्या काही जनावरांना मारायची परवानगी अधिकारी लेखी देऊ शकतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आलं, तरी ही वाट खुली राहिली. महाराष्ट्र सरकारनं जुलै 2015 मध्ये रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी ही परवानगी देण्याची पद्धत घालून दिली. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या डुकरांवरून आणि बिहारातल्या मोकाम्याच्या रोह्यांवरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. मारावं की मारू नये, एवढ्यापुरताच तो वाद होता. कशानं मारावं, किती जवळून, कुणी, आणि मारल्यावर काय, हे कुणी विचारलं नाही.

हे विचारणारा माणूस मला भेटला तो माझ्या घरातलाच, आणि फार लांबचा. माझ्या बहिणीचा मुलगा टेक्सासात, सॅन अँटोनिओजवळ राहतो. तिकडे डुकरं मूळची नव्हेत, युरोपातून नेलेली. पाळीव सुटली, रानटी त्यांच्यात मिसळली आणि आता राज्यभर लाखोंनी आहेत. तिथं ती मारायला फारशी आडकाठी नाही, 2011 पासून हेलिकॉप्टरमधूनही मारता येतात. भाचा कारखान्यातल्या सहकाऱ्यांबरोबर एकाच्या रानावर जातो. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला एक गोळी दाखवली. डुकराच्या एका खांद्यातून शिरून पलीकडच्या खांद्याच्या कातडीखाली येऊन थांबलेली. अख्खी तांब्याची. तिचं पोकळ नाक चार पाकळ्यांत उलगडून मागे वळलं होतं, बूड जसंच्या तसं. "मावशी, वजन केलं. एक-दोन टक्के गेलं असेल, बाकी सगळं शाबूत आहे," तो म्हणाला. मी विचारलं, तांब्याचीच का? तो म्हणाला, "मांस घरी येतं. मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या ताटात शिसं नको."

त्यानं सांगितलेलं आणि मी स्वतः ढाल कापून पाहिलेलं, हे दोन्ही जुळवून मला जे समजलं ते असं. नेहमीच्या रायफलच्या गोळीत वर तांब्याचं पातळ आवरण आणि आत शिसं असतं. शिसं मऊ. हाडावर आदळलं की चुरा होतो आणि एक्स-रे काढला तर जखमेपासून वीतभर लांबपर्यंत पांढरे ठिपके पसरलेले दिसतात. अख्ख्या तांब्याच्या गोळीचा असा चुरा होत नाही. ती ढाल फोडते, खांद्याचं हाड फोडते, आणि तरी पुढे जायला तिच्यात जोर उरतो. बहुधा ती पलीकडून बाहेर पडते. डुकराच्या बाबतीत याला मोठा अर्थ आहे. एकच भोक असेल तर चरबी आणि केस ते बुजवून टाकतात, रक्ताचा माग राहत नाही आणि जनावर हातचं जातं. दोन भोकं असली तर माग लागतो.

पण तांब्याचे नखरेही आहेत. शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.9. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि जाणते लोक थोडी हलकी, वेगवान गोळी निवडतात. तांबं कठीण. पाकळ्या उघडायला वेग लागतो. लांबून मारली आणि वेग मंदावला, तर ती न उघडताच बारीक भोक पाडून निघून जाते आणि डुक्कर पळतं. आरपार जाणारी गोळी कळपातल्या मागच्या जनावरालाही लागते. म्हणजे मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही. नेमाचंही तसंच. डुकराचं हृदय फार खाली असतं, पुढच्या दोन पायांच्या बेचक्यात. पाठीवरच्या उंचवट्यामुळे माणसाचा नेम वर जातो, गोळी कण्याच्या वरच्या मांसातून निघून जाते आणि जनावर महिनाभर त्या जखमेनिशी हिंडतं.

तर रानडुकरावर तांब्याची गोळी कशी चालते, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: उत्तम चालते, पण जवळून, पाहून, थांबून मारणाऱ्याच्या हातात. अविचारी हातात ती शिशापेक्षा वाईट ठरू शकते. शिसं आळशी नेमाला थोडं सांभाळून घेतं. तांबं मारणाऱ्याकडून लक्ष मागून घेतं. मला तिच्यातलं हेच मोलाचं वाटतं.

आमच्याकडच्या परवानाधारकाच्या हातात ही गोळी सहसा येत नाही, हे मला माहीत आहे. शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख करतो. कुणाकडे आजोबांच्या नावावरून बापाच्या आणि बापाच्या नावावरून स्वतःच्या नावावर आलेली बारा बोअर असते, आणि तिच्यासाठी खडकीच्या कारखान्याची शिशाची काडतुसं. आणि खरं सांगायचं तर बंदुकीनं मेलेली डुकरं मी कमीच पाहिली. जास्त पाहिली ती तारेनं मेलेली. धुऱ्यावर उघडी तार ओढायची, खांबावरून आकडा टाकायचा, घरी येऊन झोपायचं. तारेखालच्या डुकराच्या नाकपुडीत फेस असतो, पायाचा खूर जिथं टेकला तिथं कातडी जळून काळी पडलेली असते, आणि दातांत स्वतःचीच जीभ. त्याच तारेवर वाघ मेले आहेत, शेजारचा कास्तकार मेला आहे, पहाटे पाणी द्यायला गेलेला पोरगा मेला आहे. दुसरा प्रकार पिठाच्या गोळ्यात गुंडाळलेल्या गावठी बॉम्बचा. डुक्कर चावतं आणि खालचा जबडा निखळून लोंबतो. ते लगेच मरत नाही. खाता येत नाही, पिता येत नाही, माश्या बसतात. एकदा बॉम्ब चावलेली म्हैस माझ्यासमोर आणली होती. तिला मी इंजेक्शन देऊन मोकळं केलं. तो जबडा मला अजून दिसतो.

या प्रत्येकाच्या पंचनाम्यात मारणाऱ्याच्या जागी दोनच शब्द असतात: अज्ञात इसम.

महाभारतात डुकराच्या शिकारीची एक कथा आहे. अर्जुन तपाला बसला असताना मूक नावाचा दैत्य डुकराचं रूप घेऊन त्याच्यावर धावून येतो. अर्जुन बाण सोडतो. त्याच क्षणी किराताच्या वेषातल्या शिवाचाही बाण सुटतो. डुक्कर पडतं आणि दोघंही पुढे येतात: मी मारलं, माझा बाण. त्या वादातून युद्ध होतं आणि युद्धातून अर्जुनाला पाशुपत अस्त्र मिळतं. लहानपणी या भांडणात मला पौरुषाचा डौल दिसे. आता वेगळंच दिसतं. दोघांनाही हे मरण स्वतःच्या नावावर हवं होतं. आपल्या शिवारात डुक्कर मेलं की सगळे मागे सरतात. ते मरण कुणाच्याच नावावर नसतं.

अहिंसेवर आपल्याकडे केवढा विचार झाला आहे! ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं निरूपण येतं, तेव्हा ज्ञानदेव आधी अहिंसेच्या नावाखाली चालणारी हिंसा दाखवतात. झाडाच्याच फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालणं, आपलाच हात तोडून शिजवून आपली भूक भागवणं, देऊळ मोडून देवाला आवार बांधणं, असे दाखले देतात. मग ते अहिंसक माणसाचं चालणं सांगू लागतात आणि थांबतच नाहीत. पाऊल कसं टाकतो, बोलतो कसं, हात कसा उचलतो. मला वाटतं, ज्ञानदेवांना अहिंसा 'मारलं की नाही' या निकालात दिसतच नव्हती. ती त्यांना लक्षात दिसत होती. पायाखाली काय आहे याचं भान, तीच अहिंसा.

वनपर्वातला धर्मव्याध तर या बाबतीत आमच्या कास्तकाराच्या फार जवळचा. मिथिलेच्या बाजारात तो डुकराचं आणि रेड्याचं मांस विकतो. स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. ज्ञान शोधत आलेल्या कौशिक ब्राह्मणाला तो सांगतो, की शेतीला लोक चांगली म्हणतात, पण तिच्यातही मोठी हिंसा आहे. नांगराखाली जमिनीतले किती जीव मरतात. जैनांनीही हे ओळखलं होतं. श्रावकासाठी त्यांनी हिंसेचे चार प्रकार केले: ठरवून केलेली, घरकामातली, उद्योगातली आणि विरोधाची. गृहस्थाला पहिली पूर्ण सोडायला सांगितली. पीक राखणाऱ्याची हिंसा विरोधाची. ती निर्दोष ठरवली नाही, पण तिचं वेगळेपण मान्य केलं. यवतमाळच्या कापसाचं सूत नेसणारा मुंबईचा माणूस, आमच्या तुरीचं वरण खाणारा पुण्याचा माणूस, हे सगळे त्या व्याधाच्या दुकानासमोर उभे आहेत. डुकराला मारू नका असं म्हणताना त्यांनी हे आठवावं.

वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम. गांधीजींना सगळे अहिंसेचे म्हणतात, पण त्यांनी हा प्रश्न टाळला नव्हता. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनांत होतं. त्यांनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववून मरू दिलं आणि 'यंग इंडिया'त तसं लिहिलं. देशभरातून संतापाची पत्रं आली. पिकं खाणाऱ्या माकडांबद्दलही ते वर्षानुवर्षं विचार करत राहिले. 1946 साली 'हरिजन'मध्ये त्यांनी स्पष्ट म्हटलं, की प्राणी न मारण्याचं तत्त्व त्यांना संपूर्णपणे मान्य करता येत नाही, आणि माणसाला खाणाऱ्या किंवा इजा करणाऱ्या जनावरांना वाचवण्याची भावना त्यांच्या मनात नाही. इथं मला गांधीजींशी थोडं थांबून बोलावंसं वाटतं. वासराच्या बाबतीत त्यांनी 'कसं' हा प्रश्न किती काळजीनं हाताळला! स्वतः हजर राहिले, डॉक्टर बोलावला, सगळं डोळ्यांसमोर झालं. पिकाच्या शत्रूलाही तेवढीच नजर मिळायला हवी होती, असं मला वाटतं. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याला नीट मारायचं, आणि ज्याचा राग आहे त्याला कसंही, हा न्याय मला पटत नाही. वेदना वासराला होते तशीच डुकराला होते. मज्जातंतू तेच. हे मी हातांनी पाहिलेलं आहे.

मारावं आणि मारू नये यांच्यामध्ये लांबच लांब वाट आहे, आणि खरं दुःख त्या वाटेवर घडतं. गोळी लागण्यापासून शुद्ध जाण्यापर्यंत गेलेला वेळ, हे त्या वाटेचं माप. नीट बसलेली तांब्याची गोळी हे माप काही क्षणांवर आणते. ढालीत अडकलेला छर्रा ते महिन्यावर नेतो. बॉम्ब आठवड्यांवर. तारेचं जनावर लवकर मरतं कधी कधी, पण तारेला डोळे नाहीत. तार नर-मादी, डुक्कर-वाघ, जनावर-पोरगा असा भेद करत नाही. मारणारा तिथं नसतोच. माझ्या लेखी तारेचं सर्वांत मोठं पाप हे, की ती मारणाऱ्याला घरी झोपू देते.

माझी आई महानुभाव घरातली. 'लीळाचरित्रा'तली सशाची लीळा ती पाठ सांगायची: पारधी आणि कुत्री मागे लागलेला ससा धावत येऊन श्रीचक्रधरांच्या मांडीखाली शिरतो, आणि स्वामी त्याला पारध्यांच्या हाती देत नाहीत. शरण आलेल्याला मरण नाही. डुकरांचा विषय मी तिच्यापुढे मांडला तेव्हा ती म्हणाली, "ससा शरण आला म्हणून वाचला. डुक्कर शरण येत नाही, भुईमुगात येतं. म्हणून त्याला मारायचं का?" मी म्हटलं, मारायचं की नाही हे तर ठरून गेलं आहे, मी कसं मारायचं याचं बोलते आहे. ती म्हणाली, "तुझं हे 'कसं' फार सोयीचं आहे." तिचा आक्षेप मी हलका मानत नाही. गोळी चांगली मिळाली की मारणं सोपं होईल, मन शांत होईल, परवाने वाढतील, ही भीती खरी आहे. टेक्सासच्या भाच्याच्या फोटोंतले हसरे चेहरे पाहून मलाही ती वाटली. पण आपल्याकडे सोपं मारणं आधीच येऊन बसलं आहे. एक गुंडाळी तार आणि एक आकडा, याहून सोपं काय असणार? माझं म्हणणं मारणं सोपं करा असं नाही, उलट आहे. ज्याला मारायचं आहे त्यानं जवळ जावं, ओळखावं, नेम धरावा, पडलं की पायांनी चालत त्याच्यापाशी जावं, जिवंत असेल तर संपवावं, आणि कागदावर नाव लिहावं. हे अवघड आहे. अवघड असेल तर मरणांची संख्या आपोआप कमी राहील.

शिशाचं पुढचं पापही मोजायला हवं. कलम 39 प्रमाणे परवान्यानं मारलेलं जनावर सरकारचं. त्याला पुरायचं किंवा जाळायचं. पण खड्डा वरवरचा असला की रात्रीत कोल्हे, कुत्री उकरतात. पूर्वी गिधाडं असत. अमेरिकेत काँडर नावाचं मोठं गिधाड आहे, 1980 च्या दशकात जगात तीसही उरले नव्हते. त्यांच्या मरणात शिकाऱ्यांनी टाकलेल्या आतड्यांमधल्या शिशाचा हात मोठा होता. म्हणून कॅलिफोर्नियानं 2013 साली कायदा केला आणि 1 जुलै 2019 पासून तिथं शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. आपली गिधाडं शिशानं नाही, डायक्लोफेनॅकनं गेली. दुखणाऱ्या बैलाला आराम पडावा म्हणून दिलेलं औषध मेलेल्या बैलाच्या मांसातून गिधाडाच्या मूत्रपिंडात गेलं. संशोधन 2004 चं, जनावरांसाठीची बंदी 2006 ची. दयेनं दिलेली सुई जर आकाश रिकामं करू शकते, तर रागानं सोडलेलं शिसं काय करत असेल, याचा विचार नको? 2024 च्या सुरुवातीला पिंजोरच्या केंद्रातली गिधाडं ताडोबात आणि पेंचमध्ये आणली. हे पक्षी शेकडो किलोमीटर हिंडतात. उद्या ती आमच्या शिवारावर उतरली, तर डुकराच्या मढ्यात त्यांना काय मिळावं हे आजच ठरवता येतं.

राळेगावच्या माणसाला 'कसं मारलं' हा प्रश्न नवा नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री, आमच्याच तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-1 वाघिणीला, जिला जग अवनी म्हणतं, एका गोळीनं मारलं. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. गावांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं त्यांच्या सुटकेच्या श्वासाला मी नावं ठेवणार नाही. पण त्यानंतर देशभर विचारलं गेलं: भुलीची सुई आधी मारली का, किती अंतरावरून गोळी झाडली, ती कुठल्या बाजूनं शिरली, रात्र का निवडली. एका मरणाचा एवढा बारकाईनं हिशेब मागितला गेला. वाघीण होती म्हणून. तिच्यामागे दहा महिन्यांचे दोन बछडे राहिले. त्यातली मादी डिसेंबरात पकडली, पेंचमध्ये वाढवली, मार्च 2021 मध्ये रानात सोडली, आणि काही दिवसांतच ती मेली. गोळी आईला लागते, पण तिचा हिशेब तिथं थांबत नाही, हे आमच्या तालुक्यानं पाहिलं आहे.

डुकरिणीचंही असंच असतं. लहानपणी आई-वडिलांबरोबर रामटेकच्या गडावर गेले होते. तिथं वाकाटकांच्या काळातला दगडी वराह आहे, आणि लोक त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जातात. पापी माणूस अडकतो अशी समजूत. पृथ्वीला सुळ्यावर उचलून वर काढणारा देव आणि आमचा भुईमूग मुस्कटानं उकरणारं जनावर, दोघांची मान खाली घालून वर उचलण्याची तऱ्हा एकच आहे. त्या पोटाखालून गेलेली मी, पुढे किती डुकरिणींची पोटं उघडली. काहींच्या सडांत दूध होतं. म्हणजे रानात कुठंतरी पालापाचोळ्याच्या घरट्यात पिलं वाट पाहत होती, आणि पंचनाम्यात त्यांची नोंद करायला जागा नव्हती.

म्हणून आता गावातल्या बैठकीत विषय निघाला, की मी उठून चार गोष्टी सांगते. तार लावणाऱ्याला गावानं पाठीशी घालू नये, तो गावातला असला तरी. परवानगी मिळाली तर गोळी शिकलेल्या माणसानं झाडावी, आणि वनखात्यानं त्याला बिनशिशाची गोळी मिळवून द्यावी. देवघरात ताम्हण-पळीसाठी चालणारं तांबं सरकारी यादीत यायला हरकत नसावी. गोळी सुटल्यावर माग काढणं हे परवान्याचंच कलम असावं, आणि माग न काढणाऱ्याचा परवाना जावा. आणि टॉर्चच्या झोतात, पऱ्हाटीत अर्धं लपलेलं जनावर नर आहे की दुधाची मादी हे कळत नसेल, तर बंदूक खाली.

परवाच्या बैठकीत माझ्या दिरांनीच विचारलं, "वहिनी, मंग तोवर वावर कोण राखन?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गोळीत नाही, जागलीत आहे. रात्रभर मचाणावर बसणाऱ्या माणसाला रोजगार हमीतून मजुरी मिळावी, चार-पाच वावरांनी मिळून एक जागल्या ठेवावा, आणि झटका मशीन एकेकट्यानं न लावता गावाच्या शिवाराला मिळून लावावं. अर्ज लिहायला घेतला आहे. दिरांनी सही केली. आईनं वाचून घेतला आणि म्हणाली, जागलीचा मुद्दा पहिला घाल, गोळीचा शेवटी. तसा घातला आहे.